ती रडारड अचानक येत नाही

'पहिला तासभर धमाल आणि मग एकदम रडारड, जणू दोन वेगळे चित्रपट जोडलेत' हे वर आलेलं मत मला अजिबात पटलं नाही. 'फोर सिस्टर्स अँड अ वेडिंग' (२०१३) या फिलिपिनो चित्रपटात धाकट्या भावाचं लग्न मोडायला चौघी बहिणी सरसावतात, तो गोंधळ मलाही फार आवडतो. पण थोरल्या टेडीकडे सुरुवातीपासून नीट बघा. आपण माद्रिदला शिक्षिका आहोत असं तिने घरी भासवलंय. खरं तर ती नोकरी केव्हाच गेलीय, आणि ती हॉटेलात वाढायचं काम करते, लोकांच्या घरी राबते. टेडी झालेल्या टोनी गोन्झागाने ही लपवालपवी इतकी हसतखेळत केलीय की त्यामागची भीती पटकन जाणवतच नाही.

इथे चर्चेत न आलेला मुद्दा म्हणजे या भीतीचं मूळ. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या काळात, १९७४ च्या कामगार कायद्याने, माणसं परदेशी कामाला पाठवणं हे फिलिपिन्सचं सरकारी धोरणच झालं. तेव्हापासून कितीतरी घरांत धाकट्यांच्या फिया, आईवडिलांची औषधं, घराचं बांधकाम हे सगळं बाहेर गेलेल्या एखाद्या भावंडाच्या पैशावर चालतं, आणि बऱ्याचदा ते थोरलंच असतं. त्यामुळे परदेशातलं अपयश एकटीचं राहत नाही, ते अख्ख्या घराचं होतं. हे डोक्यात ठेवून पाहिलं तर बैठकीच्या खोलीतलं भावंडांचं ते मोठं, रडारडीचं भांडण अचानक वाटत नाही. टेडीच्या पहिल्या प्रसंगापासूनच त्याची तयारी चाललेली असते.