दहा हजारांत जाब कोणाला विचारायचा?

नाना (ए-१०१): ⏩ *आलेलं पुढे पाठवतोय* नगरसेवकाला महिन्याला १ लाख पगार, आयुष्यभर पेन्शन, विमान फुकट आणि आपण मात्र घरपट्टी भरत मरायचं!! जागे व्हा, १० ग्रुपवर पाठवा 🙏

सेक्रेटरी: नाना, पाठवायच्या आधी एकदा कोणाला तरी विचारत जा हो.

नाना (ए-१०१): मंग किती भेटते ते तुम्हीच सांगा ना भो. निवडणुकीत एवढा पैसा लावू राहिले ते काय हौस म्हणून?

वकील ताई (बी-३०२): नाना, नगरसेवकाला पेन्शन नाही. पेन्शन आमदार-खासदारांना. विमानही नाही. २०१७ मध्ये सरकारने मानधन वाढवलं ते असं: मुंबईला २५ हजार, पुणे-नागपूरला २० हजार, नाशिक, ठाणे, पिंपरी-चिंचवडला १५ हजार आणि बाकीच्या महापालिकांना १० हजार. जळगाव काय, धुळे काय, दोन्ही ड वर्गात, म्हणजे महापालिकांच्या सगळ्यात खालच्या वर्गात. म्हणजे महिन्याला १० हजार. सभेचा भत्ता वेगळा, पण तो चहापाण्यापुरता.

काकू (बी-१०३): दहाच? आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनला यापेक्षा जास्त देतो की आपण!

सेक्रेटरी: मला तर तेही नाही 😄

दादा (सी-४०१): वॉचमन रात्रभर जागतो तरी.

सर (ए-२०४): आता विषय निघालाच आहे तर जरा हिशोब मांडतो. मराठीचा मास्तर असलो तरी एवढं गणित येतं. १० हजार गुणिले ६० महिने, पाच वर्षांचे झाले ६ लाख. आणि ड वर्गाच्या महापालिकेत उमेदवाराला निवडणूक आयोगाने खर्चाची जी मर्यादा दिली आहे ती ९ लाख. म्हणजे माणूस अगदी कायद्याने वागला, रुपयाही जास्त खर्च केला नाही, तरी मर्यादेइतका खर्च करून निवडून आलेला नगरसेवक ३ लाखांनी तोट्यातच सुरुवात करतो. खरा खर्च किती होतो ते आपण सगळ्यांनी २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीत गल्लीगल्लीत पाहिलंय, त्यावर बोलत नाही.

आता २०२४ ला सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. ८ हजारांवर वस्ती असलेल्या गावाच्या सरपंचाला आता १० हजार. म्हणजे मोठ्या गावचा सरपंच आणि चार लाखांच्या शहरातला नगरसेवक, दोघांना सारखंच. सरपंचाला देऊ नये असं म्हणत नाही. पण शहरातलं काम लोक काय समजतात ते यातून कळतं. ‘अर्धवेळ समाजसेवा’. सकाळी दुकान, दुपारी महापालिका, संध्याकाळी लग्न आणि दहावे.

आणि खरी गोम इथेच आहे. १० हजारांत घर चालत नाही, मग नगरसेवक होऊ शकतो कोण? ज्याचं घर आधीच दुसऱ्या कशावर तरी चालतंय तो. प्लॉटिंगवाला, ठेकेदार, बापाची जमीन बायपासला गेलेला. शाळेतला शिपाई, भाजीवाली, रिक्षावाला, नोकरी करणारी पोरगी, यांना उभं राहायचंच झालं तर कोणीतरी मागे पैसेवाला लागतो. मग निवडून आल्यावर ते ऐकणार कोणाचं?

नाना (ए-१०१): म्हणजे चोरी करायले नको म्हणून पगार वाढवायचा? सर, खाणाऱ्याले लाख द्या, तो खाईनच. भूक पगाराची नसते ना भो.

सर (ए-२०४): नाना, हे अर्धं पटतं. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचंच घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं, त्यात तेव्हाचे नगरसेवक बरेच होते (त्यावर पुढे अपील झाली, ते वेगळं). ते काही पगार कमी होता म्हणून घडलं नाही. पण सभेत विषय येतो, वाचला कोणी नाही, ‘मंजूर मंजूर’ म्हणून हात वर. हे अर्धवेळ कामाचं लक्षण आहे. ज्याला दुपारी तीनला दुकानात परत जायचंय तो विषयपत्रिकेची चाळीस पानं कशाला वाचेल?

वकील ताई (बी-३०२): सर, पैशापेक्षा जास्त पकड कायद्यात आहे, ती कोणी वापरत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदाराचा पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असेल तर पद जातं. बेकायदा बांधकाम केलं तरी जातं. मंजूर कारणाशिवाय सलग काही महिने सभेला गेला नाही तरी जातं.

दादा (सी-४०१): ताई, ठेका मेहुण्याच्या नावावर असतो. मी सिमेंट-रेती पुरवतो, बिल कोणाच्या नावाने काढायचं आणि फोन कोणाचा येतो हे मला विचारा. जास्त बोलत नाही, धंदा करायचाय.

सेक्रेटरी: दादा 🙏 ग्रुपवर नको.

बी-१०३ (टेक्सासहून): नमस्कार सगळ्यांना, आईच्या फ्लॅटच्या मेंटेनन्ससाठी ग्रुपवर आहे पण आज राहवलं नाही. मी सॅन अँटोनिओला राहतो. इथल्या शहराच्या कौन्सिलला १९५१ पासून एका बैठकीचे २० डॉलर मिळायचे. बस्स. २०१५ पर्यंत हेच. १५ लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आणि बैठकीला २० डॉलर. २०१५ ला लोकांनी मतदान करून पगार सुरू केला: सदस्याला वर्षाला ४५,७२२ डॉलर, महापौराला ६१,७२५. मग नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा मतदान, सदस्याला ७०,२०० आणि महापौराला ८७,८००. त्याच मतपत्रिकेवर मुदत दोन वर्षांवरून चार वर्षं करण्याचाही प्रश्न होता, तोही लोकांनी मंजूर केला.

काकू (बी-१०३): हा माझा मुलगा बरं का 😊 बाळा, जेवलास का?

बी-१०३ (टेक्सासहून): हो आई. मुद्दा असा की पगार किती हे कौन्सिलने ठरवलं नाही, लोकांनी ठरवलं. आणि इथे सिटी मॅनेजर म्हणजे आपला आयुक्त समजा, त्याला कौन्सिलच नेमते आणि कौन्सिलच काढते. त्यामुळे ‘साहेब ऐकत नाहीत’ असं कोणी सदस्य सांगू शकत नाही. साहेब त्यानेच आणलेला असतो.

नाना (ए-१०१): तिथले रस्ते बी चांगले असतीन.

बी-१०३ (टेक्सासहून): नाना, खड्डे इथेही आहेत 😄

वकील ताई (बी-३०२): हा मोठा फरक आहे. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवतं. परत पाठवायचा तर एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांचा ठराव लागतो. जळगावच्या ७५ मध्ये ४७ मतं. म्हणजे नगरसेवकाकडे पैसे मंजूर करायचा हात आहे, अंमलबजावणीचा नाही. तरी त्याला जबाबदारीतून सुटका नाही, कारण ठेक्यांचे विषय स्थायी समितीत जातात. १६ सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त. त्या १६ मध्ये नंबर लागावा म्हणून जी धडपड चालते ती १० हजार मानधनासाठी नक्कीच चालत नाही.

दादा (सी-४०१): 🤐

नाना (ए-१०१): जळगावात २०२३ च्या सप्टेंबरपासून अन धुळ्यात डिसेंबरपासून पार २०२६ च्या जानेवारीच्या १५ तारखेपर्यंत नगरसेवक नव्हतेच ना. प्रशासक होता. काय बिघडलं? सूर्य उगवत होता, घंटागाडी येत होती. मानधन बी वाचलं.

सर (ए-२०४): वाचलं, बरोबर. ७५ नगरसेवकांचं वर्षाचं मानधन ९० लाख. दोन वर्षं वाचले. पण त्या काळात करवाढ, ठेके, रस्त्यांचे निर्णय एकाच टेबलावर झाले आणि ते टेबल मत मागायला तुमच्या दारात येणार नव्हतं. नगरसेवकाला निदान लग्नात गाठून चार शब्द सुनावता येतात. नाना, तुम्ही स्वतः सुनावलेत, मी होतो पंगतीत.

नाना (ए-१०१): हा ते खरं 😀 भरीत खाताना सुनावलं त्याले.

काकू (बी-१०३): सुनावायचं कोणाला पण? आपल्या प्रभागात चार आहेत. मागे कोपऱ्यावरचा दिवा बंद होता तर एकाने सांगितलं ते तिसऱ्याच्या भागात येतं, तिसऱ्याने सांगितलं मी ड्रेनेजचं बघतो. आणि त्यातल्या दोन बायका आहेत, पण कार्डावरच्या नंबरवर फोन केला की मिस्टर उचलतात. ‘मॅडम स्वयंपाकात आहेत, मला सांगा.’ निवडून तर मॅडमला दिलंय आम्ही!

वकील ताई (बी-३०२): काकू १००% 👏 मानधन वाढवायचं माझं खरं कारण हेच आहे. १० हजारांत ती घरच्या लेखी ‘सहीपुरती’ राहते. ४० हजार तिच्या खात्यावर आले तर घरातलं वजन बदलतं, ती पालिकेत स्वतः जाईल. मिस्टर ऐकतील की नाही माहीत नाही, पण मॅडमला बोलायला जागा होईल.

दादा (सी-४०१): ४० हजार!! आणि घरपट्टी कोण भरणार?

सर (ए-२०४): दादा, ७५ जणांना महिन्याला ३० हजार वाढवून दिले तर वर्षाचे २ कोटी ७० लाख होतात. हे काही थोडके नाहीत. म्हणून सरसकट वाढवून द्यायच्या मी विरोधात आहे. बांधून द्या. सभेला हजेरी किती, कोणत्या विषयावर कोणत्या बाजूने मत दिलं, प्रश्न किती विचारले, हे दर तीन महिन्यांनी प्रभागातल्या फलकावर लागलं पाहिजे. लागलं नाही तर वाढीव रक्कम थांबवा. उरलेला दिवस दुकानात बसायचं असेल तर बसा खुशाल, १० हजार घ्या. पण मग ‘पूर्णवेळ जनसेवक’ असं बॅनरवर छापू नका. माझं एवढंच म्हणणं आहे.

वकील ताई (बी-३०२): सर, नवीन नियम मागायच्या आधी जुना वापरू या. २००९ ला कायद्यात क्षेत्रसभा आली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, नगरसेवकाने मतदारांना बोलवायची आणि समोर बसून उत्तरं द्यायची. न घेणाऱ्याचं पद जाऊ शकतं अशीही तरतूद आहे. किती जणांनी कधी क्षेत्रसभा पाहिली आहे? हात वर करा.

सेक्रेटरी: 🙅

काकू (बी-१०३): मला तर नावही आज कळलं.

नाना (ए-१०१): मंग आपणच मागू ना. कायले वाट पाह्यची? पत्र द्या चौघांले.

सेक्रेटरी: लेटरहेडवर देतो. ताई मजकूर सांगा, राजकारण नको त्यात.

वकील ताई (बी-३०२): घ्या: “मा. सदस्य, प्रभाग क्र. ... यांस. महापालिका अधिनियमातील तरतुदीनुसार आपल्या प्रभागात क्षेत्रसभा बोलवावी ही विनंती. सभेत (१) प्रभागातील मंजूर कामे, रक्कम व ठेकेदार यांची यादी, (२) चारही सदस्यांमधील कामांची वाटणी, (३) आपली सर्वसाधारण सभेतील हजेरी, यांची माहिती द्यावी. सोसायटीचा हॉल विनामूल्य उपलब्ध आहे.”

दादा (सी-४०१): ठेकेदारांची नावं कशाला... बरं राहू द्या. पण माझी सही नको, समजून घ्या.

सर (ए-२०४): दादांची सही नाही घेतली तरी चालेल. ‘मानधन’ हा मुद्दा पत्रात टाकू नका, नाहीतर तेवढ्यावरच चर्चा करून उठतील. आधी समोर बसू देत.

काकू (बी-१०३): आणि मॅडमच्या पत्रावर मॅडमचं नाव घाला. मिस्टरांच्या हातात द्यायचं नाही.

सेक्रेटरी: ठीक. चार वेगळी पत्रं, प्रत्येकावर पोच घेणार. एक प्रत आयुक्त कार्यालयात आवक विभागाला. नाना, सोमवारी ११ ला येता का सोबत?

नाना (ए-१०१): येतो. उन्हाच्या आत जाऊ, साडेनऊले निघा.

सेक्रेटरी: नाना, ऑफिस साडेनऊला उघडतंय का आधी ते विचारतो.

नाना (ए-१०१): अन तो वरचा फॉरवर्ड डिलीट कसा करू राहिले भो, कोणी सांगा.