कपलर दोनच मिनिटं लागतो, त्यासाठी ६५ केएचं पॅनल?

चाकणचा_फिटर
चाकणला आमच्या प्लँटमध्ये नवं मेन पॅनल घ्यायचंय. १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, २२ केव्ही/४३३ व्होल्ट, इम्पीडन्स (शॉर्टच्या करंटला ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) ५ टक्के, मध्ये बस कपलर, म्हणजे दोन्हींकडच्या बसबार (करंट वाहणाऱ्या पट्ट्या) जोडणारा ब्रेकर. एरवी कपलर ऑफ. एक ट्रान्सफॉर्मर मेंटेनन्सला काढताना मात्र आधी कपलर ऑन, मग त्याचा इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून पॅनलमध्ये येतानाचा ब्रेकर) ऑफ, म्हणजे लाइट जात नाही. तेवढी दोन मिनिटं दोन्ही पॅरलल. वर्षातून चार वेळा. कन्सल्टंट ६५ केएवर, म्हणजे शॉर्टचा ६५ हजार अँपिअर करंट सोसणाऱ्या पॅनलवर, अडून बसलाय. माझ्या मते ५० भरपूर. नेमक्या त्या दोन मिनिटांत शॉर्ट व्हायला काय मुहूर्त काढलाय?

भोसरीकर
मुहूर्तच असतो राव. स्विचिंग करतानाच कमजोर जागा फुटते, आणि माणूसही तेव्हाच पॅनलसमोर उभा असतो. हिशेब बघा: एकाचा फुल लोड १३३३ अँपिअर, भागिले ०.०५, म्हणजे २६.७ केए. दोन मिळून ५३. चालू मोटारी सुरुवातीच्या काही सायकली उलटा करंट देतात, तो वेगळाच.

पेठेतला_पंतोजी
हिशेब अर्धवट आहे. तुम्ही महावितरणची लाइन अनंत ताकदीची धरलीत. २२ केव्हीला फॉल्ट लेव्हल (शॉर्टमध्ये लाइन देऊ शकेल ती ताकद) ५०० एमव्हीए धरा, आकडा ४९.४ वर येतो. केबल धरली की आणखी खाली. बसलं की ५० मध्ये!

भोसरीकर
बसलं, पण श्वास रोखून. ऑर्डरमधल्या ५ टक्क्यांना १० टक्के टॉलरन्स असतो. प्रत्यक्षात ४.५ निघाला की तुमच्याच ५०० एमव्हीएवर ५४ केए. आणि पीक (करंटचा पहिला उंच झटका) पाहिलात का? ५० केएपर्यंत २.१ पट, त्यापुढे २.२. म्हणजे १०५ च्या जागी ११९. बसबारवरचं बल करंटच्या वर्गाने वाढतं, आणि हे सगळं पहिल्या १० मिलिसेकंदांत. तिथे दोन मिनिटं काय नि दोन वर्षं काय. फॉल्टनंतर उघडलेलं एक पॅनल मी पाहिलंय: सपोर्ट उभे चिरलेले, अॅल्युमिनियमची पट्टी धनुष्यासारखी वाकलेली. ब्रेकर मात्र धडधाकट.

कोथरूड_करंट
पण सरसकट ६५ कशाला? फॉल्ट कुठेही होऊ दे, इनकमर किंवा कपलरमधून एकाच ट्रान्सफॉर्मरचा करंट जातो, वर थोडा मोटारींचा. बेरीज सोसतात ते बसबार आणि आउटगोइंग (मशिनींकडे जाणारे ब्रेकर). ते ६५ चे घ्या, इनकमर आणि कपलर ५० चे चालतील. फक्त पॅनलवाल्याकडून बसबारचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. नुसत्या ब्रेकरवरचा आकडा बघून पॅनल ६५ चं होत नाही.

पेठेतला_पंतोजी
हे पटलं. (लिहून ठेवा, असं मी वारंवार म्हणत नाही.) पण त्याहून स्वस्त उपाय आहे: तीन ब्रेकर, दोन चाव्या. कॅसल लॉक लावा (चावीशिवाय ब्रेकर ऑन होत नाही), पॅरलल होणारच नाही. मग ५० ला हात लावायचं कारण नाही.

चाकणचा_फिटर
म्हणजे दर वेळी लाइट घालवायची. सीएनसीवर जॉब अर्धवट राहिला की टूलही जातं नि जॉबही. प्रॉडक्शनवाले माझी पूजा बांधतील.

भोसरीकर
आणि त्यावर प्रॉडक्शनवाल्यांनी शोधलेला तोडगा मी पाहिलाय. तीन कुलपं, दोन चाव्या, आणि तिसरी चावी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, तंबाखूच्या डबीखाली.

चाकणचा_फिटर
आमच्याकडे डबी नाही. चावी आहे.