भाड्याची गाडी, परदेशातले रस्ते आणि महिन्यांनी घरी आलेला दंड

अबोली
काल भाचा आला होता. पुढच्या महिन्यात तो इटलीत गाडी घेऊन फिरणार आहे, म्हणून आमच्या सहलीचे कागद मागत होता. फाइल उघडली तर नकाशांच्या खाली तीन जाड पाकिटं. हातात घेतली आणि ती सगळी संध्याकाळ परत डोळ्यांसमोर आली.

२०१७ चा जून. आई-बाबांना घेऊन फ्लॉरेन्सला पोचलो तेव्हा आईचे गुडघे अगदी भरून आले होते. तिला हॉटेलच्या दाराशी उतरवायचं म्हणून नवऱ्याने गाडी जुन्या गावात घातली. हॉटेल काही सापडेना. एकाच चौकातून तीनदा फिरलो. कुणी अडवलं नाही, शिट्टी नाही, आडवा दांडा नाही. आई काच खाली करून म्हणत होती, किती सुंदर दगडी रस्ता आहे गं.

तीन महिन्यांनी कार्डावरून ४०-४० युरो तीनदा कापले गेले. आम्हाला वाटलं, झाला दंड भरून. मग अकरा महिन्यांनी ही पाकिटं आली. तिन्हींवर वेळा वेगळ्या, काही मिनिटांच्या अंतराने. तोच कॅमेरा, तीच गाडी, दंड मात्र तीन, कारण प्रत्येक प्रवेश वेगळा गुन्हा धरतात. परदेशात राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, म्हणून इतक्या उशिरा. आणि ते ४० युरो दंडाचे नव्हतेच! गाडी भाड्याने देणाऱ्यांनी आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवला, त्याची फी होती ती.

तुमचेही अनुभव लिहा. भाच्याला हा धागाच वाचायला देणार आहे.

पाऊलवाट
झेडटीएल!! म्हणजे परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला जुन्या गावाचा भाग. आम्ही पिसाला अडकलो. पाटी होती, वाचलीही होती, तरी चुकलो. तिथे दिव्यांच्या अक्षरांत 'वार्को आत्तीव्हो' लिहिलेलं असतं. आम्हाला वाटलं आत्तीव्हो म्हणजे चालू, म्हणजे जा. उलटं आहे. आत्तीव्हो म्हणजे कॅमेरा चालू, आत जायचं नाही. 'नॉन आत्तीव्हो' असेल तरच जायचं. भाच्याला एवढं पाठच करायला सांग.

गुलबकावली
काकूंचे गुडघे कसे आहेत आता?

साधा_प्रवासी
मिलानहून गाडी घेऊन स्वित्झर्लंड. हायवेसाठी ४० फ्रँकचं स्टिकर लागतं हे माहीत होतं, सीमेवर रीतसर घेतलंही. बायको म्हणाली भाड्याच्या गाडीच्या काचेला कशाला चिकटवता, काढताना डाग राहील. म्हणून समोरच्या कप्प्यात ठेवलं. पोलिसाने थांबवलं, मी स्टिकर काढून दाखवलं, त्याने शांतपणे मान हलवली. काचेला चिकटवलेलं नसेल तर ते धरतच नाहीत. २०० फ्रँक जागेवर, आणि स्टिकर त्याने समोर उभं राहून चिकटवून घेतलं. २०२३ पासून गाडीच्या नंबरावर ऑनलाइनही मिळतं, पण मग नंबर टाकताना एक अक्षर चुकलं तरी गेलं.

मेघमल्हार
साधा_प्रवासी, वहिनींचा विचार बरोबरच होता हो, कुणालाही तसंच वाटेल.

फ्रान्समध्ये आम्हाला पावसाने धरलं. हायवेवर १३० ची मर्यादा, पण पाऊस असेल तर तीच ११०. पाटीवर असलंच तर छोटं लिहिलेलं असतं आणि पावसात पाटी कोण वाचतो. लवकर भरला तर ४५ युरो, नाहीतर ६८, आणि अजून रेंगाळलात तर १८०. वर अबोलीने लिहिलंय तसाच घोळ आमचाही झाला. गाडीवाल्यांची फी कापली गेली आणि आम्ही निश्चिंत बसलो. पत्र फ्रेंचमध्ये, मुलीने भाषांतर केलं तोवर सवलतीची मुदत संपली होती. फी वेगळी, दंड वेगळा!! हे ठळक अक्षरात लिहा कुणीतरी.

निळाई
सगळे वाचतेय, घाईत आहे, रात्री लिहिते. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी चालवताना कुणाला भीती वाटली का? मला गोल चौकात अजून धडधडतं.

पाऊलवाट
निळाई, पहिले दोन दिवस सगळ्यांनाच. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणाला 'उजवी बाजू' म्हणत राहायचं. आम्ही तसंच केलं, मुलं मागून ओरडायची. आणि ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवायची, ऐनवेळी मिळत नाही.

वाळवंटी
दुबईत पाटीवर १२० असेल तर कॅमेरा १४० च्या पुढे टिपतो, २० ची सूट असते. इतकी वर्षं इथे राहून ती अंगवळणी पडलेली. अबू धाबीने ही सूट २०१८ मध्ये काढून टाकली. रस्ता तोच, सरळ, हद्द कधी बदलली कळत नाही. भाऊ आला होता, भाड्याच्या गाडीने निघाला, पाटीवर १४०, हा माझ्या सांगण्यावर १५२ ने. परत गेल्यावर अनामत रकमेतून कापले. पैसे मी दिले त्याला, चूक माझी होती.

तळ्यात_मळ्यात
लंडनजवळच्या डार्टफर्डच्या बोगद्याबद्दल कुणी लिहिलं नाही? तिथे २०१४ पासून टोलनाकाच नाही. गाडी थांबत नाही, कुणी पैसे मागत नाही, आपण निघून जातो. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचं असतं. रात्री १० ते सकाळी ६ फुकट. आम्ही दुपारी गेलो, दंड पाच आठवड्यांनी कळला. लंडनच्या मधल्या भागातही तसंच, २००३ पासून शहरात शिरण्याचा आकार आहे आणि तोही आपणच आठवणीने भरायचा.

मेघमल्हार
कार्डवाल्यांकडे तक्रार केली तर फी परत मिळते का? कुणी केलंय?

अबोली
आम्ही केली होती. करारात बारीक अक्षरांत ती फी लिहिलेली, खाली नवऱ्याची सही. परत नाही मिळाली. दंड मात्र पाकीट मिळाल्यापासून ५ दिवसांत भरला म्हणून ३० टक्के कमी झाला, तिन्हींवर.

गुलबकावली, आई बरी आहे गं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आता जिने चढते. त्या पाकिटांची गोष्ट तिला कळू दिली नव्हती आम्ही, माझ्यासाठी झालं म्हणून जिवाला लावून घेतलं असतं.

गुलबकावली
किती छान केलंत. वाचून डोळे भरले.

निळाई
आले. माझ्याकडे अनुभव नाही, प्रश्न आहे. शनिवारी बोलोन्याला जातोय, हॉटेल झेडटीएलच्या आतच आहे. फोन केला तर म्हणाले, गाडीचा नंबर द्या, यादीत घालतो. पण नंबर आत्ता कुठून आणू? गाडी विमानतळावर मिळणार.

पाऊलवाट
चावी हातात आली की आधी नंबरपाटीचा फोटो काढ आणि तिथूनच हॉटेलला पाठव. यादीत घातला असं त्यांचं उत्तर येईपर्यंत पार्किंगमधून हलायचं नाही. ते उत्तर जपून ठेव, वर्षभर तरी.

निळाई
ठेवते. फोटोही दोन काढते, पुढून आणि मागून.