एका दिवसात बसने ग्रेट ओशन रोड: तुमचे किस्से सांगा

खिडकीशेजारी:
लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात सागरी कमान, सागरी स्तंभ वगैरे आलं आणि मी मनाने थेट ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडवर, मेलबर्नच्या त्या बसमध्ये जाऊन बसले. नवऱ्याचं प्रोजेक्ट तिथे होतं, सासू-सासरे आलेले, गाडी नव्हती, मग एका दिवसाची बस टूर. पहाटे निघायचं, रात्री परत. सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. सगळी बस समुद्राकडे बघतेय आणि हे डोंगराकडचं कटिंग बघतायत! पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्याने हा रस्ता काढला, लढाईत गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून, असं ड्रायव्हरने माइकवर सांगितलं. सासऱ्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखाली बाकीचे सेल्फी काढत होते आणि हे तिथल्या कामगारांच्या पुतळ्याला प्रदक्षिणा घालत होते. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले ते खडकाचे स्तंभ, बघून म्हणाले, "छान आहे. पण रस्त्याचं पाणी कुठे काढलंय ते काही दिसलं नाही."
येऊ द्या तुमचेही.

डुलकी:
मी लॉर्नच्या पुढे झोपले ते केनेट रिव्हरला उठले. सगळे कोआला बघायला उतरत होते. नवरा म्हणाला, दिवसाला वीसेक तास झोपणारा प्राणी बघायला खाली कशाला उतरायचं, शेजारीच आहे की 😑

खिडकीशेजारी:
😂😂

शिट्टी_झाली:
कुकर लावून लिहितेय. लॉर्न ते अपोलो बे वळणं नुसती!! धाकट्याने माझ्या ओढणीत, मग पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीत. आजोबा बिचारे "नो वरीज, नो वरीज" करत टोपी धुवायला गेले. मला अजून ते "नो वरीज" ऐकू येतं. बाकी नंतर, शिट्टी

खडूफळा:
मास्तर असल्यामुळे राहवत नाही. तिथला खडक चुनखडीचा, मऊ. लाटा आधी कपार करतात, मग गुहा, ती आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की उरतो तो स्तंभ. बारा तिथे कधीच नव्हते. 2005 च्या जुलैमध्ये एक ढासळला तेव्हापासून आठ म्हणतात. थोडं पुढे लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, तिचा किनाऱ्याकडचा भाग जानेवारी 1990 मध्ये कोसळला. दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

डुलकी:
आणि त्यांची बस सुटली असती तर?

खडूफळा:
तुमच्यासारखे बसमध्येच झोपले असते तर अडकलेच नसते.

वाऱ्यावरची_वही:
माझी तक्रार एकच, घड्याळ. वळणावळणाचा एवढा रस्ता बसून काढायचा आणि लॉक आर्ड गॉर्जला कंडक्टरी थाटात "ट्वेंटी मिनिट्स!" तिथे 1878 मध्ये लॉक आर्ड जहाज फुटलं, 54 जणांपैकी दोघंच वाचले, टॉम पिअर्स आणि एव्हा कारमायकल. तिला त्यानेच लाटांतून ओढून आणली. दोघं विशीच्या आतबाहेरची, त्यामुळे अख्ख्या वसाहतीने मनातल्या मनात लग्न लावून टाकलं. ती सरळ आयर्लंडला परत गेली! मला ही बाई फार आवडते. बरं, त्याच जहाजातला चिनी मातीचा जवळजवळ दीड मीटर उंच मोर पेटीसकट किनाऱ्याला लागला, जवळजवळ अखंड. तो वॉर्नम्बूलच्या म्युझियममध्ये आहे, पण बस तिथवर जातच नाही.

शिट्टी_झाली:
लग्न नाही केलं??? छान केलं

धुकंच_धुकं:
विषय ऑस्ट्रेलियाचा आहे पण आमचं आयर्लंडचं ऐका. डब्लिनहून बसने क्लिफ्स ऑफ मोहर. 214 मीटर उंच कडे म्हणे. आम्ही कठड्याला टेकून उभे, समोर नुसतं पांढरं. खालून पक्ष्यांचा कलकलाट आणि लाटांचा आवाज, म्हणजे कडे होते हे नक्की. बायकोने त्या पांढऱ्यासमोर उभं राहून फोटो काढलाच. माझ्या भावाने विचारलं, पासपोर्टसाठी का?

खडूफळा:
😄 हा फोटो टाकाच.

पोरंसांभाळ:
@शिट्टी_झाली अगं धाकट्याची शाळा सुरू झाली का? रडतो का अजून?

शिट्टी_झाली:
तो नाही, मी रडते. फोन करते उद्या

निघायचंय:
आम्ही पुढच्या महिन्यात जातोय आईला घेऊन. कुठल्या बाजूला बसायचं? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार आहेत का?

वाऱ्यावरची_वही:
मेलबर्नहून किनाऱ्याने जाणारी बस असेल तर डावीकडे, समुद्र तिकडेच. काही टूर उलट्या फिरतात, आधी आतल्या कोलॅक रस्त्याने अपॉसल्स गाठतात आणि किनाऱ्याने परत येतात, मग उजवीकडे. बुक करताना विचारून घ्या. गिब्सन स्टेप्सच्या 86 पायऱ्या आहेत, कड्याला बिलगून वाळूवर उतरणाऱ्या. आईंना तिथे नेऊ नका, आणि तुम्ही जाऊन या. खालून ते स्तंभ अंगावर येतात.

निघायचंय:
थँक्यू! आणि थंडी?

डुलकी:
थंडी जाऊ दे, वारा. दक्षिणेला थेट अंटार्क्टिकाच, अडवायला मध्ये काही नाही. आईंना साडी नेसवू नका, पंजाबी ड्रेस आणि कानटोपी.

पोरंसांभाळ:
फिलिप आयलंडचे पेंग्विन पण एका दिवसात होतात का हो कुणाला माहीत आहे का

खडूफळा:
होतात, पण दुसऱ्या दिवशी. ते पार दुसऱ्या दिशेला आहे, आणि पेंग्विन अंधार पडल्यावर येतात. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.