शब्दचर्चा : ‘इयत्ता’ आणि ‘धोरण’

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे) : आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून “मुलगी पाचव्या धोरणात आहे” असे सर्रास म्हटले जाते. पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकांना ते खटकते, कारण त्यांच्या लेखी ‘धोरण’ म्हणजे सरकारचे असते किंवा धोरणी माणसाचे. ‘इयत्ता’ हा शब्द मुळात कोठला, आणि आमचे ‘धोरण’ अशुद्ध समजावे काय?

उत्तर : ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द असून ‘इयत्’, म्हणजे ‘एवढे’, यावरून झालेले ते भाववाचक नाम आहे, त्याचा अर्थ ‘एवढेपणा’, माप किंवा मर्यादा. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात समुद्राचे रूप ‘ईदृक्ता’ आणि ‘इयत्ता’ यांनी, म्हणजे ते असे आहे किंवा एवढे आहे म्हणून, ठरवता येत नाही असे कालिदास म्हणतो. तेथे शाळेचा मागमूस नाही. मापाचा हा शब्द शाळेत आला तो शिक्षणच मापून द्यायची पद्धत आली तेव्हा, असे माझे मत आहे.

त्यापूर्वी विद्या ग्रंथावरून किंवा हाती घेतलेल्या पाठावरून सांगितली जाई. चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ.स. 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. त्या मठात शिकायचे ते ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि आचार्यांचे इतर ग्रंथ. पंतोजींच्या शाळेतही हाच प्रकार होता. एकाच ओसरीवर एक मुलगा धूळपाटीवर अक्षरे गिरवीत असे, दुसरा मोडीचा कित्ता वळवीत असे, आणि त्यांच्याहून मोठा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे करीत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पोचलेला असे. ज्याचे जे तयार झाले त्यावरून तो पुढे सरके. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना एकदम वर चढवण्याची चाल नव्हती.

इंग्लंडमध्ये 1862 साली वाचन, लेखन आणि गणित यांच्या ठरावीक पायऱ्या आखून त्यांना ‘स्टँडर्ड’ असे नाव देण्यात आले आणि शाळांचे अनुदान त्या परीक्षांच्या निकालाशी बांधले गेले. इंग्रजी अमलातील आपल्या शाळांतही ‘स्टँडर्ड’ रुळले. मराठीने त्यासाठी ‘इयत्ता’ घेतली, गुजरातीने ‘धोरण’. गुजरातीत ‘धोरण’ म्हणजे ठरवलेला दर्जा किंवा प्रमाण, त्यामुळे दोन्ही शब्द मुळात मापाचेच आहेत आणि आपापल्या भाषेत दोन्ही सार्थ आहेत. पहिलीच्या आधीच्या वर्गाला जुनी माणसे ‘बिगरी’ म्हणतात, तेही ‘बिगर-इयत्ता’ याचेच आखूड रूप. जे मूल अजून मापात बसलेले नाही ते बिगरीतले.

पुरवणी (रावपुरा, बडोदे) : जुने माप बोलीतून पुरते गेले असे मात्र नाही. आमच्या शेजारचे वृद्ध गुजराती गृहस्थ आपण ‘सात चोपडी’ शिकल्याचे सांगतात, आणि मराठीतही ‘चार बुकं शिकलेला’ असे आपण आजही म्हणतो. या दोन्ही ठिकाणी शिक्षण वर्षांनी मोजले जात नाही, ते पुस्तकांनी मोजले जाते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो कायद्याने संपूर्ण संस्थानाला लागू केला. नामदार गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात याच प्रश्नावर विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटीला कोणी हात लावला नव्हता, तेथे या कायद्याने शाळेचे शब्द नेले, हे या संस्थानाचे फार मोठे कार्य आहे. संस्थानातील बहुसंख्य प्रजा गुजराती आणि राजघराणे मराठी असल्यामुळे, या शहरात दोन्ही भाषांचे शालेय शब्द एकमेकांत मिसळणे स्वाभाविकच होते.

उत्तर : पुरवणीशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच बडोद्याच्या घरगुती बोलीतील ‘धोरण’ मी अशुद्ध मानणार नाही. लिहिताना मात्र भेद पाळावा, कारण अर्थाचा घोटाळा खरोखर होतो. 2020 साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या दस्तऐवजाला मराठीत ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण’ म्हणतात, तर गुजरातीत त्यालाच ‘राष्ट्रीय शिक्षण नीति’ म्हणतात. तेव्हा बडोद्याच्या मराठी मुलाला ‘नव्या धोरणानुसार पाचव्या धोरणाची पुस्तके’ असे वाक्य वाचायला देणे बरे नव्हे. आपल्या बोलीतही ‘इयत्ता’ पुरती मागे पडलेली नाही. जी माणसे ‘पाचवे धोरण’ म्हणतात तीच पुढच्या वाक्यात ‘ती पाचवीत आहे’ असे स्त्रीलिंगी रूप वापरतात, आणि ते लिंग अध्याहृत ‘इयत्ते’चे आहे, कारण मराठीत ‘धोरण’ नपुंसकलिंगी आहे. अर्ज, प्रमाणपत्र आणि छापील मजकूर यांत ‘इयत्ता पाचवी’ असेच लिहावे. घरात आजी ‘धोरण’ म्हणत असेल तर तिला टोकू नये.