भूल दिलेल्या उंदराच्या मेंदूवरून स्पर्शाबद्दल बोलायचं का?

गोदाकाठचा_मास्तर (नांदेड)
एमएस्सीच्या मुलांसाठी दरवर्षी तेच चित्र फळ्यावर काढतो. उंदराच्या मिशीचा एक केस, तिथून ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), मग थॅलॅमस (मेंदूच्या आतलं संवेदनांचं ठाणं), आणि शेवटी विरुद्ध बाजूच्या कॉर्टेक्समधला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातला, पेशींचा पुंजका, म्हणजे बॅरल. एक केस, एक बॅरल. केस हलला की साधारण 10 मिलिसेकंदांत तिथले न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, पेटतात.

माझा आक्षेप असा की यातली पायाभूत मोजमापं भूल दिलेल्या जनावरांवरची आहेत. भुलेत कॉर्टेक्स स्वतःच संथ हेलकावे खात असतो. धक्का हेलकावा वर असताना बसला की खाली असताना, यावर उत्तर बदलतं. आणि मिशी कुणी हलवेल म्हणून उंदीर काही वाट बघत बसत नाही. तो ती स्वतः सेकंदाला 5 ते 15 वेळा पुढंमागं फिरवतो. निपचित पडलेल्या उंदराचं उत्तर आपण ‘स्पर्श’ म्हणून का खपवतो?

लातूरची_रेसिडेंट
सर, ‘एक केस, एक बॅरल’ या नकाशाचा भुलेशी काय संबंध? 1970 मध्ये वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांना बॅरल दिसले ते मेंदूच्या रंगवलेल्या कापांत, तेही रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) नाही, माउसच्या (लहान उंदराच्या). तीन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की नवजात पिलाच्या मिशीची मुळं नष्ट केली तर त्या केसांचे बॅरल नीट घडत नाहीत. भूल असो नसो, हे बदलत नाही.

उलट जागं जनावर हलतं, हुंगतं, घाबरतं. मग न्यूरॉन कशामुळे पेटला ते वेगळं काढणार कसं?

आडतवाला_जालना
गोदामात रातच्याला उंदीर थप्प्यांमागून भिंतीला मिशा घासत पळतंय, अंधार का असंना. मास्तरांचं पटलं. पण हे सगळं मोजून आमचं सोयाबीन वाचणार हाय का, तेवढं सांगा की.

गोदाकाठचा_मास्तर
@आडतवाला, नाही वाचणार. घट्ट झाकणाच्या कोठ्या घ्या.

@लातूर, नकाशा मान्य. वाद प्रतिसादाचा आहे. जागा उंदीर शांत बसला असताना केसाला धक्का दिला तर कॉर्टेक्सचा प्रतिसाद मोठा येतो. तोच मिशी फिरवत असेल तर त्याच धक्क्याला प्रतिसाद लहान. केस तोच, धक्का तोच. निपचित उंदरात हा फरक कुणाला सापडला असता?

लातूरची_रेसिडेंट
लहान म्हणजे बंद नव्हे. फिरवलेला केस खरोखर वस्तूला टेकला की प्रतिसाद ठळक येतो.

आणि तेच टोचणं पुन्हा पुन्हा केलं की कॉर्टेक्स मंदावतो, याचं एक मोठं कारण थॅलॅमसकडून येणारे सिनॅप्स (पेशी-पेशींमधले सांधे) दमतात, हे कुठे कळलं? भुलेतल्या रॅटमध्ये, पेशीत बारीक काचेचं टोक घालून. पळत्या उंदरात ते टोक किती वेळ टिकेल, तुम्हीच सांगा.

बालाघाटची_पोर
दोघांनाही विचारते. ‘जागा’ उंदीर म्हणजे बरेचदा कवटीला पट्टी चिकटवून डोकं पक्कं केलेला उंदीर. याला नैसर्गिक म्हणायचं? भुलेत निदान त्याला कळत तरी नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, संस्थेची नैतिकता समिती आहे, पण तिथे परवानगी दिली जाते ती कागदावरच्या उंदराला.

गोदाकाठचा_मास्तर
प्रश्न रास्त आहे. डोकं पक्कं करण्याआधी उंदराला त्याची हळूहळू सवय लावतात. न लावता केलेलं मोजमापही फसवंच असतं. पण हाउवेलिंग आणि ब्रेख्त यांचा 2008 चा प्रयोग आठवा. बॅरल कॉर्टेक्समधला एकच न्यूरॉन विजेनं चेतवला, आणि ‘जाणवलं’ हे जीभ बाहेर काढून सांगायला शिकवलेला रॅट कधी कधी तसं सांगून गेला. भुलेतला उंदीर जीभ काढणार आहे का?

लातूरची_रेसिडेंट
‘कधी कधी’वर बोट ठेवते. तो फरक अनेक पेशींची सरासरी काढल्यावर दिसणारा आणि लहान आहे. तोही जास्त करून दिसला तो इतरांना दाबणाऱ्या न्यूरॉनमध्ये. तुमच्या फळ्यावरच्या चित्रात ते न्यूरॉन कुठे आहेत, सर?