मदत हवी आहे: जुन्या इटालियन सायकलच्या बॉटम ब्रॅकेटची (पेडलचा धुरा फिरतो तिथली) उजवी वाटी निघत नाहीये, आणि ही बनवली तरी कोणी?

नमस्कार मंडळी, मी मूळचा सांगलीचा, सध्या मिलानला. गल्लीतलं जुनं सायकलचं दुकान बंद झालं, दुकानाचे मालक आजोबा सामान काढत होते तेव्हा मागच्या भिंतीला टांगलेली एक स्टीलची रोड सायकल उचलली. लाल रंग उडालाय, सीट ट्यूबवर कोलंबस या फ्रेमच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचं कबुतर, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काम्पान्योलो कंपनीचा नुओवो रेकॉर्ड, त्यावर ‘पेटंट-७९’ कोरलंय. पण डाउनट्यूबवर कोलनागो नाही की दे रोझा नाही, असं कुठल्या नावाजलेल्या सायकलवाल्याचं नाव नाही, चक्क त्याच दुकानाचं नाव! हँडल धरणाऱ्या स्टेमवरही तेच. आजोबांना विचारलं फ्रेम तुम्हीच बनवली का, तर हसून म्हणाले रंग आमचा.

आता घोळ. डावी वाटी सहज निघाली. उजवीला उलटे आटे असतात हे लहानपणापासून डोक्यात, म्हणून घड्याळाच्या दिशेने पान्याला पाइप लावून जोर काढला, पाना सटकला, बोटाचं सालटं गेलं. मग सुचलं म्हणून शेल (दोन्ही वाट्या बसतात ती फ्रेमची आडवी नळी) मोजलं तर ७० मिमी, उलट्या आट्यांच्या ब्रिटिश मापाचं ६८ नाही. म्हणजे मी अर्धा तास वाटी आवळत होतो का? गायोले गावच्या एरोइकाला (जुन्या सायकलींच्या राइडला) न्यायचीय हो, तिथे १९८७ च्या आधीची किंवा तशा जुन्या धाटणीची सायकल लागते, फ्रेम खराब करायची नाहीये.

प्रतिसाद: हो, आवळतच होतात 😀 ७० म्हणजे इटालियन, दोन्हीकडे सुलटेच आटे. आत तेल सोडून रात्रभर ठेवा. मग वाटीच्या भोकातून १६ मिमीचा बोल्ट, डोकं आतल्या बाजूला, उजवीकडून वॉशर आणि नट. नट धरून कच्चून आवळा, मग नट सोडा आणि डावीकडून लांब सॉकेट घालून बोल्ट आवळतच राहा, त्याच दिशेने वाटी सुटते. फ्रेमचं म्हणाल तर अशी छोटी दुकानं बाहेरच्या कारागिराकडून फ्रेम करून घ्यायची आणि आपलं नाव टाकायची, त्यामुळे स्टिकर सोडा, लग्जचे (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांचे) आणि शेलखालचे फोटो टाका. सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) २७.२ मिमी आहे का तेही बघा, असेल तर नळ्या बहुतेक कोलंबसच्या एसएल प्रकारच्या.

अपडेट: निघाली!! सीटपोस्ट २७.२ च आहे. फोटो उद्या टाकतो, कारागीर कोणी ओळखला तर सांगा. आणि वाटीवरचा चिखल पुसला तर बाहेरच्या बाजूलाच ‘३६ x २४’ कोरलेलं, म्हणजे इटालियन आटे. आधीच फडकं मारलं असतं तर बोट वाचलं असतं.